मान लोकची गच्ची

केळ्यांचा वास मला सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको.

मी सावद्याची. जळगाव जिल्ह्यातलं सावदा, जिकडे बघावं तिकडे केळी. माझ्या वडिलांची, म्हणजे मुरलीधर अण्णांची, केळी पिकवायची वखार होती. अंधारी, बिनखिडकीची खोली. त्यात कच्चे घड रचायचे, वर केळीची पानं, त्यावर गोणपाट, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्यांची धुरी, आणि दार बंद. आत केळी पिकायची आणि बाहेर आम्ही त्या वासात पिकायचो. अण्णांच्या सदऱ्याला तो वास, उशीला तो वास, माझ्या दप्तरालासुद्धा. आई अण्णांना मागच्या दाराने थेट न्हाणीत पाठवायची आणि मगच घरात घ्यायची. मला मात्र शाळेत कोण न्हाणीत पाठवणार? मी बाकावर बसले की शेजारच्या मुली नाक दाबायच्या. त्यामुळे मास्टर्स करायला सिडनीला निघाले तेव्हा विमानात पट्टा बांधता बांधता मी मनाशी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

आता इथे पंधरा-सोळा वर्षं झाली. इथे कायम राहायचं पीआर झालं, पुढचंही सगळं झालं. ब्लॅकटाउनला एका फार्मसीत नोकरी आहे, आयटीतला असूनही कधीमधी माझं ऐकणारा विवेक नावाचा नवरा आहे, आणि स्कोफिल्ड्सला घर आहे. इथली घरं इतकी खेटून की शेजारी लसूण परतला की आमच्याकडे भूक लागते. तो लसूण परतणारी ग्रेस. साठीची, शाळेत शिकवून रिटायर झालेली, कामसू, बोलणं मोजकं. आणि तिच्याबरोबर तिचे वडील, लाम अंकल. नव्वदीला टेकलेले.

अंकलची आणि माझी गट्टी जमली ती त्यांच्या गॅरेजमध्ये. माझी सकाळची शिफ्ट असली की मी दुपारी मोकळी. अंकल रोलर डोअर अर्धं वर करून, दोन फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेले असायचे. एक त्यांची, एक येईल त्याची. येणारी बहुतेक मीच. बोलायचो इंग्लिशमध्ये, त्यांचं चिनी वळणाचं, माझं खानदेशी वळणाचं. मी आपलं मराठीत सांगते, चालवून घ्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

"फ्रूट बिझनेस." मी एवढंच सांगते सगळ्यांना.

"कुठलं फ्रूट?"

आली का पंचाईत! "केळी," मी म्हटलं.

म्हातारा खुर्चीतच असा काही सरळ झाला की मला वाटलं, पडतो की काय. "केळी! अगं, माझ्या आजोबांनी केळ्यांवर सहा मजले बांधले!"

म्हणजे बघा, ज्या वासापासून मी एवढी पळाले तो कुंपणापलीकडे माझी वाट बघत बसला होता.

त्याची गोष्ट अशी. अंकलचे आजोबा खूप वर्षांपूर्वी दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातून सिडनीला आले आणि हेमार्केटला केळी विकायला लागले. बोटीने हिरवे घड यायचे, ते तळघरात पिकवायचे, हातगाडीवर घालून विकायचे. हातात चार पैसे आले तसे ते एकदा धुतलेला कोट घालून शहरातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथे त्यांनी बघितलं की प्रत्येक वस्तूला भाव लावलेला आहे, घासाघीस नाही. काही न घेता नुसतं बघत हिंडलं तरी कोणी हाकलत नाही. आणि काउंटरवरच्या मुली गिऱ्हाइकाकडे बघून गोड हसतात. आजोबांकडे बघून मात्र कोणी हसलं नाही. त्यांनी एक हातरुमाल घेतला, बाहेर आले आणि म्हणाले, ठीक आहे, मग मीच बांधतो.

असं म्हणणारे ते काही एकटे नव्हते. सिडनीत फळं विकणाऱ्या चिनी लोकांनी पुढे शांघायला जाऊन नानजिंग रोडवर भलीमोठी दुकानं काढली. हे विवेकने गूगल करून तपासलं, कारण त्याचा बायकोपेक्षा गूगलवर भरवसा जास्त. अंकलच्या आजोबांचं दुकान त्या बड्यांच्या पंगतीतलं नव्हतं. तेही शांघायलाच, जरा आडबाजूला, पण सहा मजली. गूगलवर ते सापडलं नाही. त्याचं नाव मान लोक. अंकल म्हणाले, त्याचा अर्थ दहा हजार सुखं.

अंकल दुकानाबद्दल सांगायचे नाहीत, दुकानात घेऊन जायचे. डोळे मिटायचे, डावा हात बाजूला न्यायचा, जसा काही भिंतीला धरून चाललेत, आणि सुरू. नेहमी मागच्या दाराने. घरच्या मुलांनी पुढच्या दाराने यायचं नाही, ते गिऱ्हाइकांचं दार. मागच्या गल्लीत लोखंडी दार, ते ढकललं की तळघर. आणि तळघरात केळी. एवढं झगमगीत दुकान, पण आजोबांनी खाली एक खोली केळ्यांसाठी राखली होती. विकायला नाही हं. रोज सकाळी दुकानात जे पहिलं गिऱ्हाईक पाऊल टाकेल त्याच्या हातात एक पिकलं केळं द्यायचं, मग तो मोटारीतून उतरलेला शेठ असो की रस्ता चुकून आत शिरलेला हमाल. आमच्याकडे भवानीच्या गिऱ्हाइकाकडून घेतात, हा माणूस त्याला देत होता.

"आधी वास येतो," अंकल म्हणायचे. "गोड, जड, जरासा धुरकट. तो नाकात गेला की जिना सापडतो."

मग आम्ही जिना चढायचो. तळमजल्यावर अत्तरं, फाउंटन पेनं, हातमोजे. काउंटरमागच्या मुली अंकलच्या टपलीत मारायच्या, कारण ते तेव्हा आठ-नऊ वर्षांचे आणि काउंटरखालून पळायचे. वरच्या मजल्यावर रेशमाचे तागे, असे उलगडायचे की जमीन दिसेनाशी व्हायची. त्याच्या वर काचेची खोली, आत एक बाई मायक्रोफोनसमोर गायची, ते गाणं अख्ख्या शहरात रेडिओवर ऐकू जायचं, पण इथे लोक काचेला नाक लावून तिचे हलणारे ओठ बघायचे. लिफ्टमध्ये पांढऱ्या हातमोज्यांची मुलगी मजल्याचं नाव घ्यायची. नावं ऐकूनच मला गुंगी यायची. घड्याळांचा मजला, पंख्यांचा मजला, आणि एक असा मजला जिथे नुसते वेडेवाकडे आरसे. एकात माणूस बुटका, एकात उंच, आणि एका आरशात म्हणे तुम्ही जरा उशिरा दिसायचात. मी म्हटलं, अंकल, उगाच काहीतरी. ते म्हणाले, मी आठ वर्षांचा होतो, मला तसं दिसायचं.

आणि सगळ्यात वर गच्ची. गच्चीवर बाग, कागदी कंदील, एका टोकाला ऑपेराचा छोटा मंच, खाली ट्रामची घंटा. कठड्याजवळच्या टेबलाशी अंकलची आई बसलेली असायची, पाठमोरी. फिकट हिरवं रेशीम, हातात चहाचा पेला. लहानगे अंकल पाय न वाजवता तिच्या मागे जायचे.

"आणि ती वळते," अंकल म्हणायचे. बस्स. एवढं म्हणून ते डोळे उघडायचे आणि माझ्याकडे चहा मागायचे. ती वळल्यावर काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते त्यांचं होतं.

खरं सांगू? मला त्या दुपारींचं वेड लागलं होतं. रोलर डोअरखालून उन्हाचा पट्टा आत यायचा, कुठेतरी लॉनमोअर घुरघुरत असायचा, आणि मी रेशमाच्या ताग्यांमधून चालत असायचे. घरी येऊन पोळ्या लाटतानासुद्धा लिफ्टची घंटा ऐकू यायची. विवेक म्हणायचा, कुठे आहेस? मी म्हणायचे, घड्याळांच्या मजल्यावर.

दुकानाचं पुढे काय झालं तेही अंकलनी सांगितलं होतं, पण भराभर, डोळे उघडे ठेवून. लढाई आली, बाँब पडले, काचा फुटल्या, परत बसवल्या. मग नोटांना किंमत उरली नाही. मग सरकार बदललं, आणि काही वर्षांनी दुकान सरकारचं झालं. आता तिथे मोबाईल फोन विकतात. अंकलना तेरा-चौदाव्या वर्षी काकांबरोबर सिडनीला पाठवलं. आई मागाहून येणार होती. ती आली नाही. तिचे फोटो होते ते पुढच्या धामधुमीत कोणीतरी भीतीपोटी जाळून टाकले. म्हणजे तिला बघायचं तर एकच वाट होती, मागचं दार आणि सहा जिने.

गेल्या हिवाळ्यात अंकलना कोविड झाला. त्यातून ते उठले, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, या वयात परत येईलसं वाटत नाही. मी म्हटलं, नुसता वासच ना, जीव तर वाचला. मला काय ठाऊक!

त्यानंतर दुसरी खुर्ची मिटलेलीच दिसायला लागली. मी आपली जाऊन ती उघडायचे, बसायचे, विचारायचे, "अंकल, आज कुठला मजला?" ते रस्त्याकडे बघत राहायचे. एके दिवशी म्हणाले, "दार उघडत नाही, सुनेत्रा."

"कुठलं दार?"

"तळघराचं. मी गल्लीत उभा राहतो. दार दिसतं. ढकलतो. पण वास येत नाही, मग पुढे काहीच नाही. नुसता अंधार." मग म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवत नाहीये."

मी चहा करून आणला. त्यांनी तो घेतला नाही.

त्यात अंकल बाथरूममध्ये दोनदा पडले. ग्रेसची पाठ आधीच गेलेली, ती एकटी त्यांना उचलणार कशी? तिने बरेच महिने टाळलं आणि शेवटी केअर होम ठरवलं. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी न्यायचं. तिची चूक नव्हती, माझी आई असती तर मीही तेच केलं असतं. पण अंकल मला म्हणाले, "तिथे गेलो की संपलं. तिथे सगळ्या खोल्यांना एकच वास असतो, आणि मला तोही येणार नाही. ती आपली गच्चीवर पाठमोरी बसून राहील."

मला राग आला. कुणावर काढावा कळेना, म्हणून विवेकवर काढला. मग अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

अण्णा आता वखार चालवत नाहीत, पण ओट्यावर बसून गावातल्या वखारींना नावं ठेवतात. मी सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, "अण्णा, मला इथे वखार लावायचीय."

स्क्रीनवर नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं. "काय करून राह्यली तू? लहानपणी तर वखारीसमोरून जाताना पळायची."

"आताही पळेन. सांगा तुम्ही."

"त्या बाबाला वास येत नाही म्हणतेस. मग?"

"तो वास साधा असतो का? मेलेल्यालाही येईल."

अण्णा हसले. मग म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून वास येतो म्हणून माझ्यावर ओरडणारं कोणी नाही बघ घरात." आणि लगेच घसा खाकरून धुरीचं सांगायला लागले.

इथे दुकानात केळी येतात ती आधीच पिवळसर, गॅसवर पिकवलेली. मला झाडावरून उतरवलेला हिरवा घड हवा होता. शनिवारी पहाटे विवेकला गाडीत घातलं आणि कॉफ्स हार्बरच्या पुढे वूलगूल्गापर्यंत गेलो. तिथे पंजाबी लोकांच्या केळीच्या बागा आहेत. एका सरदारजींना सांगितलं, "अंकलजी, घर में पकाने हैं." ते म्हणाले, "बेटी, कोल्ड रूम है?" मी म्हटलं, "नहीं, गॅरेज है." त्यांनी मला एकदा, विवेकला एकदा बघितलं, आणि दोन मोठे घड पानांसकट डिकीत ठेवले. परतीच्या वाटेवर विवेक म्हणाला, "लोक वीकेंडला बीचवर जातात." मी म्हटलं, "आपण समुद्राच्या कडेनेच चाललोय की."

गोवऱ्या हॅरिस पार्कच्या देशी दुकानात मिळाल्या. पूजेच्या सामानात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, वर लिहिलेलं, खाण्यासाठी नाही. रविवारी दुपारी आमच्या गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, घड रचले, पानं घातली, मडकं नव्हतं म्हणून कुंडीत गोवऱ्या पेटवल्या आणि रोलर डोअर खाली ओढलं. सावद्याला वखारीच्या छपरात धूर जायला फटी असतात. स्कोफिल्ड्सच्या गॅरेजला त्या नसतात, पण घरात जायचं दार असतं, आणि त्या दाराच्या वर स्मोक अलार्म असतो. हे मला अलार्म वाजल्यावर आठवलं. तोवर समोरच्यांनी ट्रिपल झीरो फिरवून फायर ब्रिगेडला बोलावलं होतं.

लाल गाडी आली. हेल्मेटवाले उतरले. त्यातल्या एकाने कुंडीत वाकून बघितलं आणि विवेकला विचारलं, "मेट, तुम्ही नक्की काय शिजवताय?"

"बनाना," विवेक म्हणाला.

"आणि जळतंय काय?"

विवेकने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काऊ डंग. पण ऑरगॅनिक आहे." धुरी कशी लावायची ते सांगायला अण्णा फोनवर होतेच, ते तिकडून ओरडत होते, पाणी मारू देऊ नको, घड भिजतील! तो बिचारा भला माणूस, कुंडीवर वाळू टाकून, "नो वरीज, पण पुन्हा करू नका," म्हणून गेला. सगळी गल्ली फूटपाथवर. लाज म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

गल्ली पांगल्यावर ग्रेस कुंपणाशी आली. तिचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "सुनेत्रा, डॅडना वास येत नाही. येणार नाही. मी ते मोठ्या मुश्किलीने मान्य केलंय. तू त्यांना परत आशा का लावतेस?"

माझ्या केसांना धुराचा वास येत होता.

घरात येऊन मी अण्णांना म्हटलं, "जाऊ दे, फेकून देते सगळं."

"काय म्हणून? धुरी गेली खड्ड्यात. पाण्याचा थेंब लागू न देता गोधडीत गुंडाळ घट्ट, आत दोन पिकली केळी ठेव, आणि सारखी उघडून बघत बसू नको. फळ आहे ते, त्याचं ते पिकतं."

आईने लग्नात दिलेली गोधडी होती कपाटात, तिच्या जुन्या लुगड्यांची. इथे आल्यापासून वापरली नव्हती, वॉशिंग मशीनमध्ये फाटेल म्हणून. ती काढली. त्यात घड गुंडाळले आणि आठवडाभर गॅरेजकडे फिरकले नाही. पण दारातून वास यायला लागला. आधी हलका, मग जड. शेवटी शेवटी तर रात्रीच्या आमटीला केळ्याचा वास. विवेक म्हणाला, "मस्त येतोय." मी म्हटलं, "गप्प बस."

रविवारी दुपारी मी ग्रेसच्या दारात गेले. उद्या सोमवार. हॉलमध्ये एक सूटकेस भरून ठेवलेली होती. मी म्हटलं, "ग्रेस, धूर नाही, अलार्म नाही. फक्त पाच मिनिटं." तिने अंकलचा वॉकर त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला.

आमच्या गॅरेजचं रोलर डोअर मी खाली ओढून ठेवलं होतं, म्हणून घरातल्या दाराने गेलो. आत अंधार, आणि वास असा की ग्रेसने उंबऱ्यातच श्वास रोखला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं अण्णा इथेच कुठेतरी गोणपाट झटकताहेत. अंकल आत आले, वॉकर धरून उभे राहिले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. सोडला. परत घेतला. मी, विवेक, ग्रेस, तिघंही त्यांच्या नाकाकडे बघत होतो.

"काही नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, फार अदबीने, "थँक यू, सुनेत्रा. तू खूप कष्ट घेतलेस."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्या थँक यूने मला रडू फुटायचंच काय ते बाकी राहिलं. डॉक्टरांना कळत होतं, ग्रेसला कळत होतं, मलाच तेवढी अक्कल नव्हती. कोणी माझं तोंड बघू नये म्हणून मी खाली बसले आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून बाही वर सरकवून गोधडीखाली, घडांच्या पोटात हात घातला. अण्णा रोज घालायचे तसा. केळी पिकायला लागली की ऊब धरतात. बाहेरून हात लावून कळत नाही, आत कोपरापर्यंत घालावा लागतो.

"उबलीत छान," मी मराठीतच पुटपुटले.

"काय केलंस तू आत्ता?" अंकलचा आवाज एकदम वेगळा आला.

"हात घातला. ऊब बघायला. माझे वडील..."

"बाही वर करून," अंकल म्हणाले. "कोपरापर्यंत."

"हो."

"आजोबा घालायचे. आणि मग माझा हात धरून आत घालायचे." ते वॉकर सोडून खाली वाकायला लागले, ग्रेसने घाईने धरलं. विवेकने खुर्ची आणून घडांशेजारी ठेवली. अंकल बसले. बाहीचं बटण त्यांनी स्वतःच काढलं, कोणाला काढू दिलं नाही. बाही दुमडली. मग तो सुरकुतलेला, पातळ हात माझ्या आईच्या गोधडीखाली गेला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत.

त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा डावा हात हळूच बाजूला गेला आणि हवेत भिंत चाचपायला लागला. मी तोंडावर हात ठेवला.

"लोखंडी दार," ते म्हणाले. "उघडंच आहे."

आणि आम्ही आत गेलो. मीही, विवेकही, आणि ग्रेससुद्धा. तिने कधी नीट ऐकलंच नव्हतं, तिला नेहमी कामं असायची. ती दुसरी खुर्ची ओढून वडिलांच्या गुडघ्याशी बसली. अत्तरांच्या काउंटरखालून आम्ही वाकून गेलो. रेशमाचे तागे उलगडत होते, गॅरेजची काँक्रीटची जमीन दिसेनाशी झाली. काचेपलीकडे बाईचे ओठ हलत होते. आरशांच्या मजल्यावर अंकल जरा थांबले, हसले, बहुतेक उशिरा दिसणाऱ्या आरशात स्वतःची वाट बघत असावेत. लिफ्टची घंटा झाली. कंदील. ट्राम. कठडा.

"बसलीय," ते म्हणाले. "पाठमोरी."

बाहेर कोणाचं तरी लॉनमोअर सुरू झालं आणि बंद पडलं. अंकलचा श्वास आठ वर्षांच्या मुलासारखा उथळ झाला होता, पाय न वाजवता चालताना होतो तसा.

"ती वळते," ते म्हणाले.

दर वेळी इथे डोळे उघडायचे. आज उघडले नाहीत. मी मनात म्हणत होते, देवा, चेहरा असू दे, काळोख नको, चेहरा असू दे.

अंकलचं नाक आक्रसलं. एका बाजूने, वरचा ओठ किंचित उचलून, भुवया जवळ आणून. तो त्यांचा चेहराच नव्हता, ते कोणाचा तरी चेहरा बघून तसा करत होते. मग त्यांच्या तोंडून चिनीत एक वाक्य निघालं, बारीक, ठसक्यातल्या बाईच्या आवाजात. आणि ते खो खो हसायला लागले. डोळे मिटलेलेच, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

ग्रेसने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"आजी म्हणाली," ग्रेसला धड बोलता येईना, "शी, केळ्यांचा वास येतोय तुला! आधी हात धुऊन ये."

अंकलनी डोळे उघडले. हात तसाच उबेत होता.

"मला नाही आला वास, सुनेत्रा," ते म्हणाले. "तिला आला."